चूलबंद आवतण

लग्नात अन्न उरलं की आमच्या सासरी ते खड्ड्यात जायचं. उकिरड्याच्या बाजूला आधीच खड्डा खणून ठेवलेला असे. शेवटची पंगत उठली की भात, आमटी, भाजी, सगळं त्यात लोटून वर माती ओढायची. कुत्र्यांचा घोळका जमू नये म्हणून, असं सांगत. पूर्वी उरलेलं न्यायला वेशीबाहेरून माणसं यायची म्हणे. त्यांनी धर्म बदलला, ती यायची थांबली आणि तेव्हापासून खड्डा सुरू झाला. घरात हे उघडपणे कुणी बोलत नसे. "आता कुणी येत न्हाई," एवढंच म्हणत, जणू ती माणसं गाव सोडून गेली होती. ती गावातच होती. त्यांच्या घरांवरून मी रोज नदीवर धुणं घेऊन जात होते, पण मी कधी दोन आणि दोन चार केले नाहीत.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात अर्धा जिल्हा करपून गेला होता, तरी नदीच्या पाण्यावर आमचा ऊस हिरवा उभा होता. माणदेशातली माणसं तेव्हा गुरं सोडून, घराला कडी लावून बाहेर पडली. त्याला ती 'जगायला जाणं' म्हणत. आमच्या गावाबाहेरच्या माळावर दुष्काळी काम निघालं होतं, रस्त्यासाठी खडी फोडायचं. तिथं सात बिऱ्हाडं पालं ठोकून राहिली होती. दिवसभर हातोड्यांचा आवाज यायचा. पहिले आठ दिवस तो ऐकू आला, मग घड्याळाच्या टिकटिकीसारखा ऐकू येईनासा झाला.

त्याच उन्हाळ्यात माझ्या नणंदेचं लग्न निघालं. माझा नवरा फौजेत, मामंजी शेतावर, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. "दुष्काळ हाय म्हणून काय लेक पोरक्यासारखी घालवू?" असं म्हणून त्यांनी लापशी, बुंदी, वांग्याची भाजी, सगळा थाट केला. वऱ्हाड सांगलीकडचं. ती मंडळी अशी मानाची की विचारू नका. जानवशाच्या घरात बसून राहिली, जेवायला हलायला तयार नाहीत. आमच्याकडं जेवणाचं आवतण एकदा दिलं म्हणजे भागत नाही. आदल्या दिवशी किंवा सकाळी घरी जाऊन आवतण द्यायचं, आणि पानं मांडली की पुन्हा माणूस पाठवायचा, "चला, ताटं वाढलीत." हे बोलावणं. बोलावण्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही. वऱ्हाडाला तर एक बोलावणंही पुरेना. न्हावी तीनदा जाऊन आला तेव्हा कुठं व्याही उठले. भात गार झाला होता. मी चुलीपाशी मोठ्यानं म्हणाले, "पोटात कावळे ओरडत असतील, तरी मिशी खाली यायची नाही." बायका हसल्या, आत्याबाईंनी डोळे वटारले. माझं तोंड असं पहिल्यापासून सैल. राग नाकावर आणि तोंडाला झाकण नाही.

शिवाय वऱ्हाड निम्मंच आलं होतं. दोन पंगती उठल्या तरी पातेली भरलेलीच. गडी खड्ड्याकडं पहिली घमेली घेऊन निघाला आणि माझं डोकं फिरलं. माझी थोरली तेव्हा पाच महिन्यांची होती. अंगावर पिणारं मूल असलं की भूक काय असते ते नीट कळतं, दर दोन तासांनी पोटात खड्डा पडतो. मी गड्याला थांबवलं. आत्याबाईंना म्हटलं, "माळावर माणसं कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढतायत आणि आपण बुंदी मातीत घालायची?"

"घिऊन जा," त्या म्हणाल्या. "पर घेतील का, ते बग."

त्यांच्या बोलण्याकडं मी लक्ष दिलं नाही. बैलगाडी जुंपायला लावली, पातेली चढवली, पोरीला जावेकडं दिलं आणि पदर खोचून गाडीत बसले. आपण काहीतरी फार मोठं करायला निघालोय असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, कुणीतरी बघावं असंही वाटत होतं.

माळावर गाडी थांबली तशी पोरं धावली. बायकांनी भांडी आणली, पदर पुढं केले. म्हाताऱ्यांनी हात जोडले ते मला आवडलं नाही, आणि थोडं आवडलंही. सहा बिऱ्हाडांनी घेतलं. सातवं पाल कडेला होतं. तिथं एक माझ्याच वयाची बाई खडीच्या ढिगापाशी बसली होती, मांडीवर दोनेक महिन्यांचं पोर. पोर रडत होतं. ते भरल्या पोटाचं हट्टाचं रडणं नव्हतं. बारीक, चिरका आवाज, मधेच थांबून पुन्हा सुरू होणारा. तिनं त्याला छातीशी धरलं, ते दोन घोट ओढायचं आणि तोंड काढून पुन्हा रडायचं. दूध नव्हतं. ते रडणं ऐकून माझी चोळी ओली झाली. बाळंतिणींना हे कळेल. क्षणभर मनात आलं की आणावं ते पोर इकडं, घ्यावं पदराखाली. मला धाडस झालं नाही. त्या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

मी तिच्यासमोर बुंदीचं पातेलं ठेवलं आणि म्हटलं, "अगं घे. भांडं आण. बाळंतीण आहेस, पोटभर खा."

तिनं पातेल्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "लग्नातलं हाय न्हवं?"

"हो. आमच्या घरचंच लग्न."

"उरल्यालं?"

मी म्हटलं, "उरलेलं म्हणजे काय उष्टं नाही गं. पातेल्यातलं आहे."

"न्हाई बाई. आमी उरल्यालं घ्यायचं सोडलंय."

मागं तिची सासू बसली होती, डोळ्यांनी अधू. पोर रडतच होतं. उन्हानं माझं डोकं तापलं होतं, माझा उपकार कुणी धुडकावतंय याचा रागही आला होता. मी बोलून गेले, "पोर भुकेनं कळवळतंय आणि तुला मान सुचतोय?"

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "मान न्हाई बाई. माज्या सासऱ्यानं समद्या गावासमोर टोपलं जाळलं. त्या टोपल्यात तुमच्यासारक्यांच्या घरचं काय यायचं, तुमास्नी म्हाईत हाय. म्या आज ह्ये खाल्लं तर ह्यो पोरगाबी त्येच पिणार."

मी पातेलं उचलून गाडीत ठेवलं. परतताना पुन्हा तो बारीक आवाज माझ्या मागून येत राहिला. घरी आल्यावर आत्याबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी भांडले असते.

पण ते पोर डोक्यातून जाईना. पोरीला पाजायला घेतलं की त्याचं तोंड दिसायचं. मी नदीवर धुणं घेऊन जाताना त्या वेशीबाहेरच्या घरांकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. दारं सारवलेली, अंगणात तुळस नाही, एका भिंतीवर निळ्या रंगात काहीतरी लिहिलेलं. दहा वर्षांहून जास्त काळ ही माणसं आमचं उरलेलं नाकारून आम्हाला जबाब देत होती आणि मला वाटत होतं, ती येत नाहीत एवढंच.

तिला खायला घालायचं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. पण कसं, ते सुचेना. शिधा पाठवावा तर तोही भीकच. आणि मग सुचलं. लग्नाच्या पाचव्या दिवशी आमच्याकडं मांडव परततात. लेक माहेरी येते, भावकीला जेवण असतं आणि मग मांडव उतरवतात. म्हटलं, उरलेलं न्यायचंच कशाला? जेवायला बोलवू. पंगतीला बसवू. उरायच्या आधीच.

आत्याबाईंना सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला. "माळावरची समदी?"

"सगळी. सातही बिऱ्हाडं."

"त्यातली त्ये कडंचं पालबी?"

"तेच तर."

त्यांनी पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. बराच वेळ खडे काढत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुजं तू बग. मला इचारू नगंस." आत्याबाईंच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे होकार, असं मी धरलं. त्यांनी तांदूळ मात्र जास्त काढले, ते मी पाहिलं.

आदल्या दिवशी मी स्वतः माळावर गेले. प्रत्येक पालापुढं उभी राहून आवतण दिलं. कडेच्या पालापाशी आधी माझ्या त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली. मला ते जमत नाही, अडखळले. मग म्हटलं, "उद्या दुपारी आमच्याकडं जेवायला यायचं. चूलबंद आवतण आहे." म्हणजे घरातल्या सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आमच्याकडं सोयऱ्यांना आवतण देतात ते असंच. तिनं माझ्याकडं टक लावून पाहिलं. म्हणाली, "पंगतीला?"

"पंगतीला."

तिच्या सासूनं त्या अधू डोळ्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "चूलबंद म्हनली न्हवं ती?" तिनं सुनेला विचारलं. सून म्हणाली, "व्हय." म्हातारी म्हणाली, "मग जाऊ की."

मी घरी आले ती तरंगतच. जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी भावकी जमली. पहिली पंगत पुरुषांची बसली, उठली. मी मांडवाच्या खांबापाशी उभी राहून माळाच्या वाटेकडं बघत होते. कुणी नाही. दुसरी पंगत पोराटोरांची. वाटेवर कुणी नाही. हातोड्यांचा आवाजही नव्हता, म्हणजे कामावर नव्हती. मग येत का नाहीत? उन्हं कलायला लागली. पुरुष पान खाऊन पांगले. मला आतून राग यायला लागला, तोच जुना राग. एवढी माफी मागितली, एवढं आर्जव केलं, तरी यांचा ताठा जात नाही. मी आत येऊन भांडी आदळायला लागले.

आत्याबाई म्हणाल्या, "काय झालं गं?"

"काय व्हायचंय? आली नाहीत ती माळावरची."

"बोलावणं घिऊन कोन गेलं व्हतं?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

कुणीच गेलं नव्हतं. भावकीतल्या घरोघर न्हावी दोनदा जाऊन आला होता. माळावर कुणाला पाठवावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. भुकेली माणसं आहेत, आवतण दिलंय, वेळ झाली की येतील आपली आपण, असं मी धरून चालले होते. वऱ्हाडाच्या मिशीवर हसणारी मी. जो पोटभर जेवलेला आहे त्यालाच बोलावणं लागतं आणि उपाशी माणूस वासावर चालत येतो, असं माझ्या मनात कुठंतरी बसलं होतं. आणि मी ते मुद्दाम केलं नव्हतं, हेच सगळ्यात वाईट होतं.

आत्याबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. इतक्या चिडलेल्या मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. "माज्या घरचं चूलबंद आवतण दिलंस, आन् बोलावणं धाडलं न्हाईस? त्यांनी चूल पेटवली नसंल गं. सकाळधरनं बसली आसतील. ह्या घरात आसं कवा झालं न्हाई!" त्यांना माळावरची माणसं जेवायला नको होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्यांच्या घरचं आवतण खोटं पडलं, हे त्यांना त्याहून सहन होत नव्हतं.

मी पायात काही न घालता धावले. माळाची वाट तव्यासारखी तापलेली. वाटेत एकच गोष्ट मनात होती, त्या बाईच्या पोटात काल रात्रीपासून काही नाही आणि ते माझ्यामुळं. मी नसते गेले तर तिनं निदान सुकडी तरी खाल्ली असती.

सगळी बाभळीखाली बसली होती. सगळ्यांनी लुगडी, धोतरं धुवून नेसलेली. पोरांचे केस पाण्यानं विंचरलेले. चुली राख काढून सारवून ठेवलेल्या. हातोडे एका जागी रचलेले. त्या दिवसाचं काम सगळ्यांनी सोडलं होतं. ती कडेला बसली होती, मांडीवर पोर. ते रडत नव्हतं. ते रडत नव्हतं म्हणून मी घाईनं पुढं झाले. जवळ जाऊन पाहिलं, डोळे उघडे होते, नुसतं बघत होतं.

मला धाप लागली होती. कसंबसं म्हटलं, "चला. ताटं वाढलीत."

कुणी हललं नाही. मग म्हातारी म्हणाली, "आमाला वाटलं इसारला आसाल. लगीनघर हाय, व्हतंय."

मी म्हटलं, "विसरले नव्हते मावशी. मला वाटलं, तुम्ही आपले आपण याल."

"बोलावल्याबिगर?" सुनेनं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच नवल वाटलं होतं.

निघालो. चालता चालता ती माझ्या शेजारी आली. "पंगती झाल्या आसतील."

खोटं बोलावंसं वाटलं. पण पुन्हा तिच्यापुढं खोटं पडायची ताकद नव्हती. "पुरुषांच्या झाल्या. पोरांची झाली. घरच्या बायका अजून जेवल्या नाहीत."

ती थांबली. मला वाटलं आता वळते. "म्हंजी तुमीबी न्हाई जेवला?"

"नाही. आम्ही शेवटी जेवतो."

"रोजच?"

"रोजच."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. सून म्हणून आले तेव्हापासून मी पुरुषांच्या मागनं, आमटीच्या तळाशी जे राहील त्याच्यावर जेवत होते. त्याला घरात कुणी कधी उरलेलं म्हटलं नव्हतं. तिनं काय विचार केला मला माहीत नाही. ती पुन्हा चालायला लागली.

मांडवात येऊन बघते तर चूल नव्यानं पेटलेली. आत्याबाई स्वतः भाकरी थापत होत्या. दुसऱ्या चुलीवर ताज्या आमटीला कढ येत होता. बायकांची पानं मांडलेली आणि त्याच ओळीत पुढं माळावरच्यांची. आत्याबाई पिठाच्या हातानं उठून मांडवाच्या तोंडाशी आल्या आणि म्हणाल्या, "या. बसा." भावकीतल्या दोघी उठल्या. एकीला पित्त झालं, दुसरीला घरी गाय सोडायची आठवण झाली. आत्याबाईंनी त्यांना थांबवलं नाही.

वाढायला आत्याबाईच होत्या. कडेच्या पत्रावळीवर आमटी वाढताना त्यांनी पळी हातभर वर धरली होती, पत्रावळीला लागू नये म्हणून. ते मी पाहिलं, तिनंही पाहिलं. मला वाटलं ती उठेल. तिनं पोराला नीट मांडीवर घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. मी तिच्या शेजारच्या पानावर बसले होते. ती शांतपणे जेवत राहिली. आत्याबाई भाकरी घेऊन आल्या, "वाढू?"

"वाढा," ती म्हणाली.

तिसऱ्या भाकरीला आत्याबाईंचा हात खाली आला. मुद्दाम की चुकून, देव जाणे. जेवण झाल्यावर ती मांडवाच्या कोपऱ्यात पाठ करून बसली आणि पोराला पाजायला घेतलं. मी उष्ट्या पत्रावळ्या गोळा करत होते आणि कान तिकडं होते. रडणं आलं नाही. बराच वेळ आलं नाही. मी पत्रावळ्या हातात घेऊन तशीच रडले, आत्याबाईंना धुराचं निमित्त सांगितलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरी जे जे कार्य झालं त्यात पहिली पंगत बसायच्या आधी माळाचा वाटा काढून ठेवला जाई. ही रीत आत्याबाईंचीच, असं आत्याबाई चारचौघींत सांगत. मी खोडून काढलं नाही. खड्डा मात्र तसाच रिकामा पडून राहिला, पावसाळ्यात बुजला. पाऊस चांगला झाला, पालं निघून गेली. ती गेली तेव्हा मी पोरीला गोवर आला म्हणून घरातच होते.

पुढच्या सुगीनंतर माणातला एक माणूस कराडच्या बाजाराला आला आणि वाट वाकडी करून आमच्या दारात उभा राहिला. म्हणाला, "कडंच्या पालातल्या बाईचं पोरगं वरसाचं झालं. ह्या ऐतवारी जेवान हाय. तुमास्नी चूलबंद आवतण धाडलंय."

आत्याबाई म्हणाल्या, "माजं गुडघं कुटं चालत्यात एवढं लांब?" आणि मग, मी जाऊ नये म्हणून असेल किंवा खोडी म्हणून, "आवतण आलं. बोलावणं कुटं आलंय?"

रविवारी पोरीला कडेवर घेतलं, कराडहून वडूजची गाडी धरली, वडूजला दुसरी. त्यांच्या गावाला गाडी जात नव्हती, फाट्यावर उतरायचं आणि पुढं चालायचं. आता कुणाला वाट विचारावी या विचारात मी गाडीतून खाली उतरले.

फाट्यावरच्या लिंबाखाली ती उभी होती. कडेवर गुबगुबीत पोर, त्याच्या मुठीत भाकरीचा तुकडा. मी म्हटलं, "अगं, तू कशाला आलीस एवढ्या उन्हात?"

"बोलवाय आले," ती म्हणाली. "बोलावल्याबिगर तुमी कशा येशीला?"

ती सकाळच्या पहिल्या गाडीपासून तिथं उभी होती.